समालोचकांची घसरलेली जीभ आणि गेलेली खुर्ची

कोलंबो येथे ऑगस्ट २००६ मध्ये श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात दुसरी कसोटी सुरू होती. ७ ऑगस्ट रोजी हशीम आमलाने कुमार संगकाराचा झेल टिपला. त्याच सुमारास ‘टेन स्पोर्ट्स’ वाहिनीवर जाहिराती सुरू झाल्या आणि समालोचन कक्षात बसलेले ऑस्ट्रेलियाचे माजी फलंदाज डीन जोन्स यांच्या तोंडून एक वाक्य निघून गेले. ‘दहशतवाद्याला आणखी एक बळी मिळाला’, असा त्याचा आशय होता. आपला आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही, अशी जोन्स यांची समजूत होती. ती चुकीची ठरली. दक्षिण आफ्रिकेतील प्रक्षेपणात जाहिराती लागलेल्या नव्हत्या आणि तेथील घराघरांत ते वाक्य स्पष्टपणे ऐकू गेले. वाहिनीने जोन्स यांचा करार तातडीने संपुष्टात आणला. जाहीर दिलगिरी व्यक्त करून, दौरा अर्धवट सोडून ते मायदेशी परतले.

आमला हा दाढी राखणारा, धर्मनिष्ठ मुस्लिम खेळाडू. त्याच्या पूर्वजांचे मूळ गुजरातेतील सुरतेचे. भारतीय वंशाचा दक्षिण आफ्रिकेचा पहिला कसोटीपटू म्हणून त्याने नोव्हेंबर २००४ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पदार्पण केले होते. त्याने झेल घेतला तो क्षेत्ररक्षक म्हणून. समालोचकाच्या नजरेला मात्र त्या क्षणी त्याची दाढी आणि तिच्याशी जोडलेली प्रतिमाच दिसली. जोन्स यांच्या वाक्यातील खरी खोच येथेच आहे.

दूरचित्रवाणीवरील समालोचकांना पूर्वग्रहदूषित वक्तव्यांमुळे खुर्ची सोडावी लागल्याचे हे पहिले उदाहरण नव्हते आणि शेवटचेही नाही. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या देशांत गेल्या चार दशकांत असे अनेक प्रसंग घडले. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नोकरी जाते ती केवळ उच्चारलेल्या शब्दामुळे नव्हे. तो शब्द कोणी ऐकला, त्यामागे कोणती समजूत होती, प्रायोजकांनी काय पवित्रा घेतला आणि बोलणाऱ्याने नंतर काय केले, या साऱ्यांचा मिळून तो निकाल असतो.

जाहिरात इथे, प्रक्षेपण तिथे

जोन्स यांच्या बाबतीत जे घडले ते समजण्यासाठी क्रीडा प्रक्षेपणाची पद्धत लक्षात घ्यावी लागते. सामन्याचे चित्रण आणि समालोचन यजमान वाहिनी करते. तेच प्रक्षेपण निरनिराळ्या देशांतील वाहिन्या हक्क विकत घेऊन दाखवतात. प्रत्येक वाहिनीच्या जाहिरातींचे वेळापत्रक स्वतंत्र असते. एका देशात साबणाची जाहिरात सुरू असताना दुसऱ्या देशात मैदानातील दृश्य आणि समालोचन कक्षातील आवाज तसाच चालू राहू शकतो. समालोचकासमोर आवाज तात्पुरता बंद करण्याचे बटण असते; पण खोकला आला तर ते जितक्या सहजपणे दाबले जाते, तितक्या सहजपणे गप्पा मारताना दाबले जात नाही.

ब्रिटनमधील नामवंत फुटबॉल प्रशिक्षक रॉन अ‍ॅटकिन्सन यांना दोन वर्षे आधी याच पद्धतीने फटका बसला होता. २० एप्रिल २००४ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मोनॅकोने चेल्सीला ३-१ असे हरविले. ‘आयटीव्ही’चे प्रक्षेपण संपल्यावर अ‍ॅटकिन्सन यांनी चेल्सीचा कर्णधार मार्सेल देसाई याच्याविषयी अत्यंत हीन वर्णद्वेषी शब्द वापरले. ब्रिटनमधील प्रेक्षकांनी ते ऐकले नाहीत. परंतु मध्यपूर्वेतील काही देशांत आवाज सुरूच होता. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅटकिन्सन यांनी राजीनामा दिला. ‘गार्डियन’ वृत्तपत्रातील त्यांचा स्तंभही बंद झाला.

अमेरिकेत १९ ऑगस्ट २०२० रोजी बेसबॉल समालोचक थॉम ब्रेनमन यांची गत अशीच झाली. जाहिराती संपून प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि समलिंगी व्यक्तींविषयीचा त्यांचा अपशब्द थेट प्रेक्षकांच्या कानी पडला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात ते माफी मागत असतानाच निक कास्टेलानोस याने चेंडू सीमेपार टोलविला. ब्रेनमन यांनी माफीचे वाक्य मध्येच तोडून त्या फटक्याचे वर्णन केले आणि मग पुन्हा माफीकडे वळले. सवयीचा हा विचित्र नमुना पुढे कित्येक दिवस चर्चेत राहिला. त्यांना निलंबित करण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

‘आपण खासगीत बोललो होतो’, असा बचाव अशा वेळी हमखास केला जातो. तो पूर्णपणे पोकळ म्हणता येणार नाही. परंतु त्याचीच दुसरी बाजू अधिक अडचणीची आहे. प्रेक्षक ऐकत असताना जपून बोलणारा माणूस, कोणी ऐकत नाही असे वाटताच वेगळे बोलतो, हेच त्यातून उघड होते. मग ज्या खेळाडूविषयी तो बोलला, त्याच्या खेळाचे मोजमाप तो निखळपणे करीत असेल काय, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो. समालोचकाचे भांडवल म्हणजे त्याच्या निर्णयावरील विश्वास. तोच डळमळला की वाहिनीला त्याला पाठीशी घालणे कठीण जाते.

स्तुतीच्या आडून येणारा पूर्वग्रह

सर्वच प्रसंगांत शिवीगाळ होती, असे मात्र नाही. काही वेळा बोलणाऱ्याला आपण कौतुक करतो आहोत किंवा विश्लेषण करतो आहोत, असेच वाटत होते. ‘सीबीएस’ वाहिनीच्या ‘द एनएफएल टुडे’ या कार्यक्रमात बारा वर्षे झळकलेले जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर हे त्याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण. १५ जानेवारी १९८८ रोजी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनीच, वॉशिंग्टनमधील एका उपाहारगृहात स्थानिक वाहिनीच्या वार्ताहराने त्यांना कृष्णवर्णीय खेळाडूंच्या प्रगतीविषयी विचारले. कृष्णवर्णीयांचे शरीर खेळासाठी सरस असते, कारण गुलामगिरीच्या काळात मालकांनी धिप्पाड स्त्री-पुरुषांची जोडी जमवून तशी पैदास केली, असे उत्तर स्नायडर यांनी दिले. प्रशिक्षकपदेही त्यांनाच मिळू लागली तर गोऱ्यांसाठी काही उरणार नाही, असेही ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ‘सीबीएस’ने त्यांना काढून टाकले.

वरवर पाहता हे विधान स्तुतीचे वाटते. प्रत्यक्षात त्यातून खेळाडूची मेहनत, सराव आणि बुद्धी यांना वजा केले जाते. उरते ती केवळ रक्तातून आलेली ताकद; आणि जे रक्तातून आले त्याचे श्रेय खेळाडूला कशाला द्यायचे? शिवाय गुलामांना माणूस नव्हे तर जनावर मानणाऱ्या व्यवस्थेचीच भाषा त्यात पुन्हा डोकावते.

याचीच उलटी बाजू सप्टेंबर २००३ मध्ये दिसली. रेडिओवरील आक्रमक उजव्या भाष्यांसाठी प्रसिद्ध असलेले रश लिंबॉ यांना ‘ईएसपीएन’ने अमेरिकी फुटबॉलच्या रविवारच्या कार्यक्रमात भाष्यकार म्हणून घेतले होते. फिलाडेल्फिया ईगल्सचा डोनोव्हन मॅकनॅब हा गाजतो तितका चांगला खेळाडू नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची इच्छा असल्याने त्याचा उदोउदो होतो, असे विधान त्यांनी २८ सप्टेंबर रोजी केले. क्वार्टरबॅक हा संघाच्या चढाईचा सूत्रधार. डावपेच, अचूक फेक आणि क्षणार्धात निर्णय ही त्याची कामे. कृष्णवर्णीय खेळाडू धावण्यात तरबेज असले तरी या ‘डोक्याच्या’ जागेसाठी ते योग्य नाहीत, हा समज त्या खेळात अनेक दशके घट्ट रुजला होता. लिंबॉ यांनी नेमकी ती जुनी जखम उघडी केली. १ ऑक्टोबरच्या रात्री त्यांनी राजीनामा दिला. आपण खेळाडूवर नव्हे, तर माध्यमांवर टीका केली, ही त्यांची भूमिका मात्र कायम राहिली. पुढे फेब्रुवारी २००५ मध्ये याच मॅकनॅबच्या नेतृत्वाखाली ईगल्सचा संघ सुपर बोलच्या अंतिम लढतीत खेळला.

महिलांविषयीचा पूर्वग्रह याहून वेगळा नाही. २२ जानेवारी २०११ रोजी वुल्व्हज आणि लिव्हरपूल यांच्यातील सामन्यापूर्वी ‘स्काय स्पोर्ट्स’चे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज यांनी सहाय्यक पंच सियान मॅसी यांची, महिलांना ऑफसाइडचा नियम कळत नाही, अशी टिंगल केली. तीही प्रक्षेपणाबाहेर. गमतीचा भाग म्हणजे त्याच सामन्यात लिव्हरपूलच्या एका गोलच्या वेळी ऑफसाइडचा अतिशय बारकाव्याचा निर्णय मॅसी यांनी अचूक दिला. टिंगलीची ध्वनिफीत बाहेर आल्यानंतर ग्रे यांची आणखी एक आक्षेपार्ह चित्रफीत प्रकाशात आली. २५ जानेवारी रोजी त्यांची हकालपट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी कीज यांनी राजीनामा दिला.

वाहिनीचा निर्णय आणि प्रायोजकाचे वजन

वाहिनी अशा वेळी केवळ नीतिमत्तेच्या कसोटीवर निर्णय घेते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. डॉन आयमस यांचे प्रकरण त्या दृष्टीने बोलके आहे. त्यांचा रेडिओ कार्यक्रम ‘एमएसएनबीसी’ वाहिनीवरही दाखविला जात असे. ४ एप्रिल २००७ रोजी त्यांनी रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातील कृष्णवर्णीय मुलींच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून गलिच्छ शेरेबाजी केली. आदल्याच दिवशी त्या मुली राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात खेळल्या होत्या. प्रारंभी आयमस यांना केवळ दोन आठवड्यांच्या निलंबनाची शिक्षा जाहीर झाली. त्यानंतर प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स यांसारख्या बड्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. ११ एप्रिल रोजी ‘एमएसएनबीसी’ने कार्यक्रम बंद केला आणि १२ एप्रिल रोजी ‘सीबीएस’ने त्यांना नोकरीवरून काढले. वाक्य तेच होते. आठवडाभरात बदलले ते जाहिरातींचे गणित.

निर्णयाची गती प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. ‘सीबीएस’चे गोल्फ समालोचक बेन राइट यांच्या नावाने मे १९९५ मध्ये एका वृत्तपत्रात महिला गोल्फपटूंच्या शरीररचनेविषयी आणि समलिंगी खेळाडूंविषयी आक्षेपार्ह उद्गार प्रसिद्ध झाले. आपण असे बोललोच नाही, असा पवित्रा राइट यांनी घेतला आणि वाहिनीने त्यांची पाठराखण केली. मात्र वर्षअखेरीस ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने हे प्रकरण पुन्हा खणून काढले आणि जानेवारी १९९६ मध्ये राइट यांना घरी बसावे लागले. वार्ताहर महिलेच्या विश्वासार्हतेवर तोवर बरेच शिंतोडे उडविले गेले होते.

माफीने काय साधते?

माफी मागितली म्हणजे नोकरी वाचतेच, असे नाही. जोन्स, अ‍ॅटकिन्सन, ब्रेनमन या तिघांनीही दिलगिरी व्यक्त केली होती. मात्र माफी नाकारली तर परतीचा दोर जवळपास कापला जातो. कॅनडातील आइस हॉकीचे अत्यंत लोकप्रिय भाष्यकार डॉन चेरी यांनी ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पॉपीचे फूल न लावणाऱ्यांना ‘तुम्ही लोक’ असे संबोधून फटकारले. आमच्याकडचे दूधमध तुम्हाला चालते, मग फुलासाठी दोन डॉलर का देत नाही, असा त्यांचा सूर होता. स्थलांतरितांना उद्देशूनच हे बोलणे असल्याचे कोणालाही सांगावे लागले नाही. दोन महायुद्धांत भारतीय उपखंडातील लक्षावधी सैनिक ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढले होते, याचा त्यांना विसर पडला. ११ नोव्हेंबरला, म्हणजे स्मृतिदिनीच, ‘स्पोर्ट्सनेट’ने त्यांना दूर केले. ८५ वर्षांच्या चेरी यांनी शब्द मागे घेतले नाहीत. सहनिवेदक रॉन मॅक्लीन यांनी माफी मागितली आणि ते पदावर राहिले.

वादग्रस्त शब्द वापरूनही नोकरी टिकल्याची उदाहरणेही आहेत. १९८३ मध्ये ‘एबीसी’चे हॉवर्ड कोसेल यांनी अमेरिकी फुटबॉलमधील कृष्णवर्णीय खेळाडू अल्विन गॅरेट याला ‘छोटे माकड’ म्हटले. महंमद अलींची सातत्याने बाजू घेणारा समालोचक, ही कोसेल यांची ओळख होती. तोच शब्द ते गोऱ्या खेळाडूंसाठी आणि स्वतःच्या नातवासाठीही वापरत. त्या वाक्यावरून त्यांना काढण्यात आले नाही. २०२१ मध्ये दिनेश कार्तिकने ‘स्काय’साठी समालोचन करताना दुसऱ्याची बॅट आणि शेजाऱ्याची बायको यांची तुलना केली, पुढच्याच सामन्यात त्याने प्रेक्षकांची माफी मागितली आणि प्रकरण मिटले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत इंग्लंडच्या माजी खेळाडू ईसा गुहा यांनी जसप्रीत बुमराची स्तुती करताना वानरकुळासाठीचा इंग्रजी शब्द वापरला. २००८ च्या सिडनी कसोटीतील हरभजन-सायमंड्स वादाच्या आठवणी ताज्या असल्याने भारतीय प्रेक्षक खवळले. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्यापूर्वी गुहा यांनी थेट प्रक्षेपणात, कोणतीही सारवासारव न करता माफी मागितली. शेजारी बसलेल्या रवी शास्त्री यांनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. गुहा यांचे काम सुरू राहिले.

या प्रसंगांतून एक भेद स्पष्ट होतो. शब्दाची निवड चुकणे आणि समूहाविषयीची समजूत बोलण्यातून बाहेर पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी माफी पुरते. दुसरीसाठी ती पुरत नाही, कारण माफी शब्दाची मागितली जाते. समजूत तशीच राहते, अशी शंका श्रोत्याला येते.

शिक्षेचे माप

तरीही एका वाक्यापायी आयुष्यभराचे काम पुसले जावे काय, हा प्रश्न उरतोच. अ‍ॅटकिन्सन यांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे प्रशिक्षक असताना सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना एकाच संघात खेळविणारे अ‍ॅटकिन्सनच होते. प्रेक्षागारातून त्या वेळी या खेळाडूंवर केळी फेकली जात. मैदानावर संधी देणारा माणूस माइकजवळ असा घसरतो, तेव्हा पूर्वग्रह हा केवळ दुष्टांचा दुर्गुण नसतो, हेही मान्य करावे लागते.

बहुतेकांसाठी दरवाजे कायमचे बंद झाले नाहीत, हेही खरे. ग्रे आणि कीज यांना दोहा येथील वाहिनीवर काम मिळाले. आयमस त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओवर परतले. ब्रेनमन २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर पुन्हा दिसले. जोन्स यांनीही पुन्हा माइक हाती घेतला, भारतीय वाहिन्यांवर ते ‘प्रोफेसर डीनो’ म्हणून लोकप्रिय झाले. पाकिस्तान सुपर लीगमध्ये इस्लामाबाद युनायटेडला त्यांनी प्रशिक्षक या नात्याने २०१६ आणि २०१८ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबईत, आयपीएलच्या प्रक्षेपणासाठी आलेले असताना, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. मद्रासच्या उकाड्यात १९८६ च्या बरोबरीत सुटलेल्या कसोटीत त्यांनी केलेल्या २१० धावांचे स्मरण सर्वांनी केले. २००६ चे ते वाक्यही अनेक मृत्युलेखांत होतेच. आमलाने तोवर २०१२ मध्ये ओव्हलवर नाबाद ३११ धावा करून दक्षिण आफ्रिकेचा पहिला कसोटी त्रिशतकवीर होण्याचा मान मिळविला होता. स्वतःविषयीच्या शेऱ्याला त्याने बॅटनेच उत्तर दिले, असे म्हणणे सोपे आहे. पण प्रत्येक खेळाडूला तसे उत्तर देण्याची संधी मिळतेच असे नाही, आणि ती त्याची जबाबदारीही नव्हे.

भारतापुढील प्रश्न

भारतात समालोचकांच्या खुर्च्या गेल्या आहेत, पण गाजलेल्या प्रसंगांची कारणे निराळी आहेत. हर्षा भोगले यांना २०१६ च्या आयपीएलपूर्वी वगळण्यात आले, तेव्हा अधिकृत कारण दिले गेले नाही. मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून डच्चू मिळाला. दोघेही पुढे परतले. पूर्वग्रहाचा आरोप या दोघांपैकी कोणावरही नव्हता. आपल्याकडे समालोचकाला कोणत्या चुकीसाठी जबाबदार धरले जाईल याचे निकष जाहीर नाहीत, हे मात्र या दोन्ही प्रसंगांतून दिसले.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये इंटरनेटवरील प्रक्षेपणात मराठी, भोजपुरी, गुजराती यांसह बारा भाषांतून समालोचन ऐकायला मिळाले. मराठी प्रेक्षकाला घरच्या बोलीत सामना ऐकण्याचा आनंद मिळाला. घरच्या बोलीचा एक धोकाही असतो. कट्ट्यावरच्या गप्पांत रंग, जात, प्रांत, बाईपण यांवरचे विनोद बिनदिक्कत चालतात आणि ‘आपल्यातच’ बोलल्यासारखे बोलणे ही तर या समालोचनाची खरी गोडी. पण माइकसमोर ‘आपल्यातले’ असे काही नसते. ज्याच्यावर विनोद झाला, तोही मराठी जाणणारा प्रेक्षक असू शकतो आणि मैदानावरचा खेळाडूही.

वाहिन्यांनी यासाठी फार मोठे काही करायला हवे असे नाही. काय चालणार नाही याचे लेखी नियम करारातच असावेत, नव्या समालोचकांना ते समजावून सांगावेत, चूक झाल्यास त्याच प्रक्षेपणात दुरुस्ती करावी आणि कारवाई केलीच तर तिचे कारण जाहीर करावे. हकालपट्टीने पूर्वग्रह नाहीसा होत नाही. फार तर तो गप्प बसतो. प्रेक्षकांची अपेक्षा साधीच आहे. झेल कोणी घेतला हे सांगताना त्याचे नाव घ्यावे, झेल कसा होता ते सांगावे, आणि तेवढ्यावर थांबावे.